बोटीवरचा डिझेल हीटर पुन्हा पुन्हा विझतो? आधी इंधनाच्या नळीतली हवा शोधा

तक्रार साधारण अशी असते. हीटर नीट पेटतो, वीस मिनिटं, कधी दोन तास छान चालतो. मग त्याचा आवाज खाली-वर होऊ लागतो, एक्झॉस्टमधून पांढरा धूर येतो आणि ज्योत विझते. दुसरा प्रकार सकाळचा: पहिल्या प्रयत्नात पेटत नाही, दुसऱ्यात पेटतो. डिझेल जळतं तो चेंबर साफ केला, ते पेटवणारी तापती कांडी म्हणजे ग्लो प्लग बदलला की आठ-दहा दिवस काही कुरकुर नाही. आणि मग एका थंड रात्री पुन्हा तेच.

माझ्या बोटीवर हे दोन हिवाळे चाललं. तेवढ्या काळात मी चेंबर तीनदा उघडला, ग्लो प्लग दोनदा बदलला आणि एकदा पंपही नवा घातला. प्रत्येक वेळी हीटर चालू झाला आणि प्रत्येक वेळी मला वाटलं, दोष सापडला. खरं म्हणजे हीटर परत जोडताना मी दर वेळी नळीतली हवा काढून तिच्यात डिझेल भरून घेत होते. उपचार तेवढाच होत होता. हवा पुन्हा साठेपर्यंत हीटर चालायचा आणि श्रेय नव्या प्लगला जायचं.

फसायला आणखी एक कारण आहे. चेंबर उघडला की आत काजळी दिसतेच, आणि काजळी दिसली की आपण तिलाच दोषी धरतो. पण ज्योत मध्येच विझली, अर्धवट जळली, परत पेटली, असं दहा वेळा झालं की काजळी आपोआप धरते. ग्लो प्लगभोवतीची बारीक जाळी बुजते आणि मग पेटणं आणखी अवघड होतं. म्हणजे काजळी साफ करावीच लागते, पण इंधनाची वाट दुरुस्त झाल्यावर. आधी केली तर आठवड्याभरात पुन्हा करावी लागेल.

काही करण्याआधी

दोन प्रयत्नांत पेटला नाही तर तिसऱ्यांदा बटण दाबू नका. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात थोडं डिझेल चेंबरमध्ये जाऊन साठतं. पुढे कधीतरी ज्योत धरली की ते सगळं एकदम जळतं. भरपूर धूर होतो, सायलेन्सरमध्येही आग धरू शकते. पंखा चालू देऊन चेंबर वाळू द्या. एक्झॉस्टला सर्वांत खालच्या जागी निचऱ्याचं भोक असेल तर तिथून डिझेल गळतंय का तेही बघा.

झोपण्याच्या जागेत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असलाच पाहिजे, आणि तो चालतो की नाही हे त्याचं बटण दाबून पाहिलेलं असलं पाहिजे. अर्धवट जळणारा हीटर हा वायू नेहमीपेक्षा जास्त बनवतो. एक्झॉस्टचा एखादा जोड सैल असेल तर त्याला केबिनमध्ये यायला वेळ लागत नाही, आणि त्याला वास नसतो.

दोष इंधनाचाच आहे ना?

हे ठरवायला मल्टिमीटर आणि दहा मिनिटं पुरतात. पेटताना १२ व्होल्टचा हीटर ग्लो प्लगसाठी ८ ते १० अँपिअर करंट ओढतो. मीटरची टोकं हीटरला येणाऱ्या वायरच्या जोडापाशीच लावा, बॅटरीपाशी नको, आणि ग्लो चालू असताना आकडा वाचा. बॅटरीवर १२.६ आणि हीटरपाशी ११ च्या खाली दिसत असेल तर वायर बारीक आहे किंवा एखादा जोड गंजलाय. ते आधी नीट करा. व्होल्टेज कमी पडलं की प्लग पुरेसा तापत नाही, डिझेल नुसतं वाफाळतं, आणि बाहेर अगदी तसाच पांढरा धूर येतो.

एक्झॉस्टची नळी बोटीच्या भिंतीकडे जाताना मध्ये खाली झोळ खाऊन पुन्हा वर चढत असेल तर त्या झोळात पाणी साठतं आणि धुराची वाट अडते. तेही एकदा पाहून घ्या.

धुराचा रंगही काही सांगतो. पांढरा आणि डिझेलच्या वासाचा धूर म्हणजे इंधन पोचलं, वाफ झाली, पण जळलं नाही. काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. हवेच्या बुडबुड्याने त्रासलेला हीटर आधी आवाज बदलतो, विझतो, आणि मग पुन्हा पेटायच्या धडपडीत पांढरा धूर सोडतो. हा क्रम ओळखीचा वाटत असेल तर पुढे वाचा.

एवढासा बुडबुडा एवढं काय करतो?

इंजिनाच्या इंधनवाटेची सवय असलेल्या माणसाला हे पटकन पटत नाही. मलाही पटलं नव्हतं. इंजिन तासाला काही लिटर डिझेल पितं, बरंच डिझेल रिटर्नच्या नळीने टाकीत परत जातं, आणि चिमूटभर हवा त्यात वाहून जाते. दोन किलोवॉटचा हीटर मंद आचेवर तासाला साधारण १०० मिलि आणि पूर्ण आचेवर पाव लिटरच्या आसपास डिझेल घेतो. मंद आचेचा हिशेब केला तर मिनिटाला १.७ मिलिसुद्धा होत नाही. चमचाभर डिझेल तीन मिनिटं पुरतं.

आता नळी बघा. आतून २ मिमी व्यासाच्या नळीत एक सेंटिमीटर लांबीचा बुडबुडा म्हणजे ०.०३ मिलि हवा. तेवढ्याने ज्योत सेकंदभर उपाशी राहते आणि सावरते. तोच एक सेंटिमीटर ४ मिमी आतल्या व्यासाच्या नळीत चौपट, म्हणजे ०.१२५ मिलि होतो आणि ज्योत चार-पाच सेकंद उपाशी. चार सेंटिमीटरचा झाला तर अठरा सेकंद. तेवढ्यात ज्योत जाते.

हीटरला मोजून डिझेल देणाऱ्या डोझिंग पंपाला यातलं काही कळत नाही. आत एक छोटा दट्ट्या आहे, विजेच्या प्रत्येक ठोक्याला तो ठरलेलं माप पुढे ढकलतो. त्या मापात डिझेल आहे की हवा, हे तपासायची सोय त्याच्याकडे नाही. हीटर चालवणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर ठोके मोजतो आणि समजतो की इंधन पोचलं. म्हणून स्क्रीनवर जो कोड येतो तो ‘ज्योत विझली’ किंवा ‘पेटला नाही’ एवढंच सांगतो. कोडवरून सुटे भाग मागवू नका.

जाड नळीचा दुसरा तोटा वेगाचा. तासाला १२० मिलि प्रवाह असेल तर २ मिमी नळीत डिझेल मिनिटाला साधारण ६४ सेंटिमीटर सरकतं आणि बारीक बुडबुड्यांना सोबत घेऊन जातं. ४ मिमीत तोच प्रवाह १६ सेंटिमीटरवर येतो. एवढ्या संथ डिझेलमध्ये बुडबुडे वरच्या बाजूला चिकटून बसतात, एकमेकांत मिसळतात आणि मोठा घास तयार झाला की एकदम निघतात. त्यात बोट हलणारी. धक्क्याला बांधलेली असताना तीन दिवस शांत चालणारा हीटर पाणी खवळल्यावर अर्ध्या तासात विझतो तो यामुळेच.

कॅनची चाचणी

सगळ्यात आधी हीच करा. मी शेवटी केली आणि दोन हिवाळे घालवले.

एका स्वच्छ कॅनमध्ये दोन-तीन लिटर नवं, गाळलेलं डिझेल घ्या. पंपाच्या सक्शनची, म्हणजे टाकीकडून येणारी नळी काढून तिच्या जागी अर्धा-पाऊण मीटर नवी बारीक नळी लावा आणि तिचं टोक कॅनच्या तळापर्यंत सोडा. कॅन पंपाच्या थोडा खाली, उभा, हलणार नाही असा बांधून ठेवा, गरम भागांपासून लांब. हवा काढा आणि हीटर चालवा. तुम्ही बोटीवर जागे असताना, नजरेसमोर.

पाच-सहा तास मंद आणि पूर्ण आच आलटून पालटून चालवूनही विझला नाही, तर पंपापासून हीटरपर्यंत सगळं ठीक आहे. दोष टाकीपासून पंपापर्यंतच्या वाटेत आहे. कॅनवरही विझला तर पंप, पंपाच्या पुढची नळी किंवा हीटर. एका संध्याकाळी अर्धी बोट संशयातून मोकळी होते.

नळी पारदर्शक किंवा दुधी असेल तर हीटरपाशी टॉर्च धरून दहा मिनिटं नुसतं बघत बसा. सरकणाऱ्या हवेच्या रेघा स्पष्ट दिसतात. पेटवल्यावर पहिली पाच मिनिटं दोन-चार बुडबुडे आले तर काळजी नाही. तासाभरानंतरही येत असतील तर हवा कुठून तरी आत येते आहे.

मापून पाहा

कॅनच्या चाचणीनंतरही शंका राहिली तर माप घ्या. हीटरपाशी नळी सोडवून तिचं टोक औषधाच्या मोजपट्टीच्या पेल्यात किंवा १० मिलिच्या सिरिंजमध्ये सोडा. कंट्रोलरच्या प्रायमिंगने, म्हणजे हीटर न पेटवता नळी भरून घ्यायच्या सोयीने पंप चालवा आणि त्याचे २०० ठोके, म्हणजे टिक, मोजा. पंपावर २२ मिलि लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा १००० ठोक्यांना २२ मिलि. म्हणजे २०० ठोक्यांना ४.४ मिलि यायला हवं. दहा टक्के इकडेतिकडे चालतं.

पण एकदाच मापून थांबू नका, चार वेळा मापा. चारही मापं सारखी पण कमी आली, समजा प्रत्येक वेळी ३.५ च्या जवळपास, तर वाट अरुंद झाली आहे: फिल्टर चोंदलाय, नळी कुठे दबली आहे किंवा पंप झिजलाय. मापं विखुरली, एकदा ४.३, एकदा ३.१, मग ४.०, तर हवा. नवा पंप घेण्याआधी मी हे केलं असतं तर तो घेतला नसता.

पंपाचा आवाजही ऐका. डिझेल ढकलताना टिक मंद, दबकी येते. हवा आली की तीच टिक कोरडी आणि टणक होते. एकदा कान बसला की रात्री अंथरुणातूनसुद्धा कळतं.

टाकीपासून पंपापर्यंत

बोटींवर बहुतेक दोष इथेच सापडतो.

डिलिव्हरीच्या, म्हणजे पंपापासून हीटरकडच्या बाजूचा जोड सैल असेल तर तिथे डिझेल पाझरतं, बोटाला लागतं, वास येतो. सक्शनच्या बाजूचा जोड सैल असेल तर तो हवा आत ओढतो आणि बाहेरून ठणठणीत कोरडा राहतो. म्हणून ‘कुठे गळत नाही’ या निकषावर सक्शनचे जोड पास करू नका. विहिरीवरच्या पंपाचा फूट व्हॉल्व्ह गळका असला की बाहेर थेंब दिसत नाही, पण सकाळी पंप पाणी उचलत नाही, तसंच हे. टाकी पंपापेक्षा खाली असेल तर रात्री हीटर बंद झाल्यावर त्या जोडातून हवा शिरते आणि नळीतलं डिझेल हळूहळू टाकीत उतरतं.

सकाळी काय होतं ते आकड्यांत पाहा. दीड मीटर २ मिमीच्या सक्शन नळीत ४.७ मिलि डिझेल मावतं. पेटताना पंप सेकंदाला दीड-दोन टिक मारतो, म्हणजे ती भरायला दोन मिनिटांच्या आसपास लागतात. तोवर कंट्रोलरची मुदत संपत येते. पहिला प्रयत्न फसतो, पण नळी भरलेली असते, म्हणून दुसरा यशस्वी होतो. हीच नळी आतून ४ मिमीची असेल तर तिच्यात जवळजवळ १९ मिलि मावतं आणि भरायला सात मिनिटांहून जास्त लागतात. मग दोन प्रयत्नही पुरत नाहीत आणि कंट्रोलर लॉक होतो.

आता जोड कसा करायचा. कडक नळीचे दोन तुकडे रबरी नळीच्या छोट्या तुकड्याने जोडतात. दोन्ही टोकं रबराच्या आत एकमेकांना टेकली पाहिजेत. मध्ये पाच मिमी फट राहिली तरी तिथे मोठ्या व्यासाची एक खोली तयार होते, तीत हवा दबा धरून बसते आणि बोट हलली की सुटते. माझ्या बोटीवर असे चार जोड होते आणि चारही ठिकाणी फट होती. बाहेरून मात्र जोड सुबक दिसत होते. नळी कापायला नवं ब्लेड वापरा आणि काटकोनात कापा; पक्कडीने किंवा वायर कापायच्या कटरने तोडली तर टोक चपटं होतं आणि आतली वाट बुजते. क्लिप त्या मापाचीच हवी, सगळीकडून सारखी आवळणारी. स्क्रूने आवळायची मोठी ज्युबिली क्लिप बारीक नळीवर गोल बसत नाही, ती एका बाजूला चिमटा काढते आणि दुसरीकडे फट ठेवते. आणि जोड जितके कमी तितकं बरं. प्रत्येक जोडाला विचारा, तू इथे कशाला?

नव्या हीटरच्या खोक्यात येणारी मऊ, रंगीत नळी सक्शनला वापरू नका. ती आतून जाड असते, वळणावर दबते आणि काही महिन्यांत टोकाला सैल पडते. सक्शनला आतून २ मिमी, डिलिव्हरीला १.५ ते २ मिमी, दोन्हीकडे भिंती कडक. कडकपणा का हवा? मऊ नळी प्रत्येक ठोक्याला थोडी फुगते आणि माप त्यातच खर्च होतं.

इथे बोटीची एक वेगळी अडचण आहे. खोक्यात पांढरी, कडक नायलॉन नळी आली तरी तिला आगीत टिकण्याचं प्रमाणपत्र सहसा नसतं. बोटीच्या इंधन होजसाठी आयएसओ ७८४० हे मानक आहे, आणि त्यातली मूळ अट अशी की होज अडीच मिनिटं ज्वाळेत टिकली पाहिजे. इंजिनच्या खणातून जाणाऱ्या भागासाठी बारीक बोअरची तांब्याची नळी आणि दोन्ही टोकांना कंपनं सोसायला अग्निरोधक होजचे छोटे तुकडे, ही माझ्या मते सगळ्यात चांगली मांडणी. तांब्याच्या नळीत बुडबुडे दिसत नाहीत हे खरं. म्हणून शोध घेताना पारदर्शक नळी तात्पुरती लावा, दोष सापडला की काढून टाका. प्लॅस्टिकचा पारदर्शक फिल्टरही इंजिनच्या खणात कायमचा ठेवू नका. तुमच्या पाण्यावरचे नियम आणि विमा काय मागतात ते वेगळं बघा. ते सगळीकडे सारखे नाहीत.

इंजिनच्या नळीला टी (तीन तोंडांचा जोड) मारली असेल तर

ती काढा. यात मी मध्यममार्ग सुचवणार नाही.

माझा हीटर ज्यांनी बसवला त्यांनी इंजिनच्या सक्शन नळीला टी मारून हीटरची वाट काढली होती. टाकीला भोक पाडायला नको, काम अर्ध्या तासात होतं. पण इंजिन चालू असताना त्याचा लिफ्ट पंप, म्हणजे टाकीतून डिझेल उचलणारा पंप, त्या नळीत ओढ निर्माण करतो, आणि डोझिंग पंपासारख्या किडमिडीत पंपाला त्या ओढीच्या विरुद्ध आपला घास काढायचा असतो. त्यामुळे इंजिन चालू असताना हीटर विझतो. त्याहून वाईट म्हणजे उलटी बाजू: हीटरच्या फाट्यावरच्या एखाद्या कोरड्या, सैल जोडातून इंजिन हवा ओढू शकतं. माझं इंजिन एकदा अरुंद जागेत वळताना दोन ठोके चुकलं आणि सावरलं. त्या दिवशी मला हीटरचा राग नाही, भीती वाटली. थंडीत एक रात्र काढता येते. ऐन वेळी बंद पडलेल्या इंजिनाचं तसं नाही.

रिटर्नच्या नळीला टी मारणं हाही उपाय नाही. तिथलं डिझेल फेसाळलेलं आणि गरम असतं.

हीटरला टाकीत स्वतःची उभी नळी हवी, टाकीच्या वरच्या बाजूने आत सोडलेली. टाकीला तपासणीचं झाकण असेल तर ते काढून बोटीबाहेर न्या आणि तिथे भोक पाडा. म्हणजे धातूचा कीस टाकीत पडत नाही. नळीचं खालचं टोक तिरकं कापा, तळापासून पाचेक सेंटिमीटर वर ठेवा. तळाशी पाणी आणि गाळ असतो, तो हीटरने उचलायचा नाही. शिवाय टाकी उतरली तर हीटर आधी बंद पडेल आणि इंजिनसाठी डिझेल शिल्लक राहील.

ही नळीसुद्धा बारीक हवी. आतून ६ मिमीची, ३० सेंटिमीटर लांबीची उभी नळी एकटीच साडेआठ मिलि धरते. आणि तिची जागा शक्यतो टाकीच्या मध्यावर. एका टोकाला असेल तर बोट कलली की पाव टाकी डिझेल असूनही टोक उघडं पडतं. ‘टाकी अर्ध्याच्या खाली गेली की त्रास सुरू होतो’ अशी तक्रार असेल तर सरळ इथे बघा. इंजिनचं रिटर्न जवळच पडत असेल तर तेही बुडबुडे पाजतं. वर, हात पोचेल अशा जागी, एक बंद करायचा कॉक द्या.

पंप कसा टांगलाय

पंप टाकीच्या जवळ हवा, हीटरच्या जवळ नव्हे. ढकलणं त्याला जमतं, ओढणं फारसं जमत नाही. आणि डिलिव्हरीचं तोंड वर हवं. आडव्यापासून किमान १५ अंश, चालत असेल तर थेट उभा. हवा वर जाते. तोंड वर असेल तर पंपात आलेली हवा पुढच्या ठोक्याला बाहेर पडते. आडव्या किंवा तोंड खाली असलेल्या पंपात ती आतच घोटाळत राहते आणि दट्ट्या तिलाच दाबत-सोडत बसतो.

माझ्याकडे हा दोष मीच आणला होता. पंपाची टिकटिक झोपू देत नव्हती म्हणून मी तो मऊ रबरावर टांगून लांबच्या कप्प्यात नेला. सक्शन अडीच मीटर झालं, आणि काही आठवड्यांत रबर लोंबून पंपाचं तोंड खाली आलं. आवाज कमी करायचा तर पंप रबराच्या खोबणीत धरा, नळ्या पाटाला टेकू देऊ नका आणि बाजूच्या फळीला थोडा फोम लावा. पण कोन सोडू नका.

टाकीची हवा, फिल्टर, गारठा

हीटर दर वेळी साधारण तेवढ्याच वेळानंतर विझतो का? मग टाकीचं झाकण उघडून बघा. आत हवा शिरल्याचा ‘फुस्स’ आवाज आला तर टाकीत हवा यायची वाट, म्हणजे व्हेंट, बुजलाय. डिझेल कमी होतंय पण त्याच्या जागी हवा यायला वाट नाही, म्हणून टाकीतच ओढ तयार होते. व्हेंटच्या जाळीवर मीठ, रंग किंवा किड्याचं घर असतं. पाच मिनिटांचं काम.

फिल्टर पंपाच्या आधी हवा, छोटा हवा, आणि बाहेर जाणारं तोंड वर हवं. मोठ्या फिल्टरच्या बाउलच्या (वाटीच्या) वरच्या भागात हवेचा खिसा राहतो. शांत पाण्यात त्याचा त्रास नसतो, बोट डोलली की तो एका घासात पंपाकडे जातो. काळा, बुळबुळीत चिकटा फिल्टरवर दिसला तर तो पाणी साठलेल्या टाकीत वाढणाऱ्या जंतूंचा आहे. नुसता फिल्टर बदलून भागणार नाही, तळाचं पाणी काढा आणि टाकी साफ करा. पंपाच्या तोंडाशीही बहुतेक वेळा एक बारीक जाळी असते. ती विसरतात.

कडाक्याच्या थंडीत उन्हाळी डिझेलमधलं मेण बाहेर येतं आणि आधी फिल्टर, मग बारीक नळी अडवतं. असं असेल तर दुपारी हीटर चालतो, पहाटे नाही. हिवाळी डिझेल भरा.

मी शेवटी काय केलं

टी काढून इंजिनची नळी सलग केली. टाकीत स्वतंत्र उभी नळी, वर कॉक. पंप टाकीपासून ६० सेंटिमीटरवर, जवळजवळ उभा. त्याच्या आधी छोटा धातूचा फिल्टर. पूर्ण वाटेत पाच जोड, सगळे हात पोचेल अशा जागी, सगळे आत टोकाला टोक टेकलेले. एक्झॉस्टच्या वरून किंवा जवळून एकही जोड जात नाही. तापलेल्या एक्झॉस्टवर डिझेल ठिबकलं तर पेटू शकतं.

मग हवा काढली. हीटरपाशी नळी सोडून पेल्यात डिझेलची सलग धार येईपर्यंत पंप चालवला आणि मगच नळी जोडली. हीटर जोडलेला ठेवून प्रायमिंग करत बसलं तर जास्तीचं डिझेल चेंबरमध्ये जातं. त्यानंतर चेंबर उघडून काजळी आणि प्लगची जाळी साफ केली, आणि अर्धा तास पूर्ण आचेवर चालवला. पुढेही आठवड्यातून एकदा तेवढा वेळ पूर्ण आच देते; सतत मंद चालवल्याने काजळी धरते.

एक सवय मात्र ठेवली आहे. काम झाल्यावर प्रत्येक जोडाभोवती कोरड्या टिश्यूची पट्टी गुंडाळते आणि दुसऱ्या दिवशी बघते. डिलिव्हरीच्या बाजूला एवढ्याने कळतं. सक्शनच्या बाजूला टिश्यू काही सांगणार नाही, तिथे सकाळचा पहिला प्रयत्न बघायचा: रात्रभर बंद राहून पहिल्याच वेळी पेटला तर नळी भरलेली आहे. हे सलग सात सकाळी झालं की मग जमिनीच्या फळ्या परत बसवा. मी तिसऱ्याच दिवशी बसवल्या होत्या, आणि पाचव्या दिवशी एका क्लिपसाठी त्या पुन्हा उचलाव्या लागल्या.